नॅसवरचे फोटो लिनक्सवर का उघडत नाहीत?

चवथीची माटोळी, शिगम्याचे रोमट, देवळापुढच्या मंडपात रात्रभर चाललेले नाटक, मुलांच्या मुंजी आणि लग्ने. गोव्यातल्या कुठल्याही घराकडे किंवा छोट्या स्टुडिओकडे असे हजारो फोटो असतात आणि ते एका लॅपटॉपवर मावत नाहीत. मग कोपऱ्यात एक नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, येतो, किंवा जुन्याच कॉम्प्युटरला मोठी डिस्क लावून तिचा फोल्डर घरभर शेअर केला जातो. विंडोजवर तो बहुधा मुकाट चालतो. लिनक्स घातलेल्या मशीनवर मात्र ठरलेली तक्रार येते: “फोल्डर दिसतो, पण फोटो दिसत नाहीत.”

या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. कोणाला चित्राऐवजी नुसते राखाडी चिन्ह दिसते. कोणाचा फोटो डबल क्लिक केल्यावर उघडतच नाही. कोणाचा एक फोटो उघडतो, पण बाणाची कळ दाबून पुढचा येत नाही. कोणाचे सगळे उघडते, पण प्रत्येक फोटोला इतका वेळ लागतो की माणूस कंटाळून उठतो. चारही दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी. एकावरचा उपाय दुसऱ्यावर करून पाहण्यातच बहुतेकांचा वेळ जातो, म्हणून आधी नेमके काय होते ते नीट बघून घ्यावे.

पुढे ज्या आज्ञांचा उल्लेख येतो त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

सुरुवात एका साध्या परीक्षेने करा. जो फोटो अडतो आहे तोच शेअरवरून आपल्या डेस्कटॉपवर कॉपी करा आणि तिथून उघडा. तिथेही उघडला नाही, तर दोष नेटवर्कचा नाही. आयफोनचे फोटो २०१७ पासून एचईआयसी या प्रकारात साठवले जातात आणि बऱ्याच लिनक्स मशीनवर तो वाचणारे पॅकेज आधीपासून नसते. उबुंटू किंवा डेबियनवर ‘हाइफ-जीडीके-पिक्सबफ’ घातले की जुन्या पद्धतीच्या दर्शकांमध्ये, म्हणजे फोटो दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ते फोटो दिसू लागतात. कॅमेऱ्याच्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलींसाठी डार्कटेबल किंवा डिजिकॅमसारखा प्रोग्राम लागतो. फोटोचा वरचा भाग ठीक आणि खालचा सगळा राखाडी असेल, तर ती फाइल अर्धवट कॉपी झाली आहे. ती मूळ कार्डावरूनच पुन्हा आणावी लागते. डेस्कटॉपवर फोटो व्यवस्थित उघडला, तरच पुढचे वाचा.

पत्ता म्हणजे वाट नव्हे

या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे आणि नेमकी तीच कोणी समजावून सांगत नाही. फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत ‘नेटवर्क’वर क्लिक केले, पासवर्ड दिला, फोटोंचे फोल्डर दिसले. आपल्याला वाटते, शेअर आता कॉम्प्युटरला जोडला गेला. तसे झालेले नसते. जोडलेला असतो फक्त तो फाइल मॅनेजर.

पत्त्याच्या पट्टीत पाहिले तर तिथे ‘एसएमबी’ने सुरू होणारा पत्ता दिसेल. एसएमबी ही नेटवर्कवर फोल्डर शेअर करण्याची पद्धत. लिनक्सच्या मुळाशी जी फाइल सिस्टिम असते तिला हा पत्ता कळत नाही. तिला तिरक्या रेघेने सुरू होणारी वाट लागते, म्हणजे ‘/एमएनटी/फोटो’ अशी. मधले भाषांतर ग्नोम, सिनॅमन, एक्सएफसीई या डेस्कटॉपांवर जीव्हीएफएस नावाची यंत्रणा करते आणि केडीईवर केआयओ करते. ज्या प्रोग्रामला ही यंत्रणा ओळखता येते तो पत्त्यावरूनही फोटो उघडतो. ज्याला येत नाही तो हात वर करतो, नाहीतर ‘फाइल सापडली नाही’ म्हणतो.

रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीसारखे हे आहे. फेरीत चढलेला माणूस पलीकडे पोहोचतो, पण म्हणून दोन काठांमध्ये पूल झाला असे नाही. पूल असला की कोणतेही वाहन केव्हाही जाते. लिनक्सवर शेअर माउंट करणे, म्हणजे तो आपल्या मशीनवरच्या एका फोल्डराला जोडणे, हाच तो पूल.

आता ‘एक फोटो उघडतो, पुढचा येत नाही’ या तक्रारीकडे पाहू. दर्शकाला पुढचा फोटो दाखवायचा तर आधी त्या फोल्डरात आणखी काय काय आहे हे कळायला हवे. केडीईवर एखादा परका प्रोग्राम वापरला, तर केआयओ ती एकच फाइल तुमच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, उतरवते आणि ती प्रत दर्शकाच्या हाती देते. दर्शक बिचारा त्या प्रतीच्या आजूबाजूला पाहतो, तिथे दुसरे काही नसते. ‘केआयओ-फ्यूज’ हे पॅकेज घातले की अशा प्रोग्रामला खरी वाट मिळते. ग्नोमच्या बाजूला हेच काम ‘जीव्हीएफएस-फ्यूज’ करते. ते लिनक्सच्या काही वितरणांत (उबुंटू, डेबियन अशा प्रकारांत) वेगळे पॅकेज असते आणि हलक्याफुलक्या इन्स्टॉलेशनमध्ये राहून जाते. ते असेल तर शेअर ‘/रन/युजर/१०००/जीव्हीएफएस’ या फोल्डरात दिसतो. १००० हा तुमचा युजर क्रमांक. पहिल्या युजरला बहुधा हाच असतो.

फ्लॅटपॅक आणि स्नॅप या प्रोग्राम घालण्याच्या पद्धतींतून आलेल्या दर्शकांची गोष्ट आणखी निराळी. हे प्रोग्राम कुंपणात चालतात. फ्लॅटपॅकला फोल्डराची परवानगी नसेल, तर त्याला तुम्ही क्लिक केलेली तेवढीच फाइल दिली जाते आणि बाणाची कळ पुन्हा मुकी. फ्लॅटसील या प्रोग्राममधून त्या दर्शकाला फोटोंच्या फोल्डराची वाट मोकळी करून देता येते. स्नॅपला ‘रिमूव्हेबल-मीडिया’ ही जोडणी द्यावी लागते आणि ती दिल्यावर त्याला ‘/एमएनटी’ व ‘/मीडिया’ यांच्या आतले दिसते. माउंट करायची जागा या दोहोंपैकी एकीत निवडावी, ती याच कारणाने.

डिचोलीच्या एका ओळखीच्या स्टुडिओत हीच अडचण कितीतरी महिने ‘नॅस बिघडला’ या नावाखाली वावरत होती. गिऱ्हाईक समोर बसलेले, अल्बमसाठी फोटो निवडायचे आणि प्रत्येक फोटोला खिडकी बंद करून पुन्हा डबल क्लिक. नॅस ठणठणीत होता. दर्शक फ्लॅटपॅकचा होता.

पूल कसा बांधायचा

दोन-चार फोटो पाहण्यापुरते वरचे उपाय पुरतात. रोजचे काम त्या शेअरवर असेल, तर माझे स्पष्ट मत आहे की सरळ माउंट करावे. अर्ध्या तासाचे काम आहे आणि नंतर कोणता प्रोग्राम वापरायचा याची चिंता उरत नाही.

त्यासाठी ‘सीआयएफएस-युटिल्स’ हे पॅकेज लागते. मग ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या फाइलीत एक ओळ लिहायची: आधी दोन तिरक्या रेघा, नॅसचा आयपी पत्ता, पुन्हा एक रेघ आणि शेअरचे नाव. मग आपल्याकडचे रिकामे फोल्डर, मग ‘सीआयएफएस’ (एसएमबीचेच जुने नाव) हा प्रकार आणि शेवटी स्वल्पविरामांनी जोडलेले पर्याय. शेअरच्या नावात मोकळी जागा असेल तर इथे ओळ तुटते. तिथे जागेऐवजी उलटी तिरकी रेघ आणि ०४० हे आकडे लिहावे लागतात. ‘वेडिंग फोटोज’ अशी नावे सर्रास असल्यामुळे हे अडखळणे फार वेळा घडते.

पर्यायांपैकी ‘क्रेडेन्शियल्स’मध्ये पासवर्ड असलेल्या वेगळ्या फाइलीची वाट द्यायची. एफएसटॅब कोणालाही वाचता येते, म्हणून पासवर्ड त्यात लिहू नये. ती वेगळी फाइल ६०० परवानगीने, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, बंद ठेवावी. ‘यूआयडी’ आणि ‘जीआयडी’मध्ये आपला क्रमांक द्यायचा. हे विसरले तर सगळ्या फाइली रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य युजरच्या, मालकीच्या दिसतात: फोटो पाहता येतो, पण फिरवून सेव्ह करायला गेले की परवानगी नाही. ‘आयओचारसेट’ला ‘यूटीएफ८’ ही अक्षरे साठवण्याची पद्धत द्यायची (टाइप करताना मधली रेघ नको), म्हणजे मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येत नाही.

माउंट करताना जो एरर येतो तो नीट वाचावा. १३ क्रमांकाचा ‘परमिशन डिनाइड’ आला तर युजरनेम किंवा पासवर्ड चुकला. २ क्रमांक आला तर शेअरचे नाव चुकले किंवा माउंट करायचे फोल्डरच नाही. फसवा आहे तो ११२, ‘होस्ट इज डाउन’. नॅस चालू असतो, पिंगला उत्तर देतो, तरी हा संदेश येतो, कारण दोघांना एसएमबीची एकच आवृत्ती बोलता येत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या दोषावर स्वार होऊन जगभर पसरला. त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, ४.१३ पासून ती आवृत्ती आपणहून वापरणे सोडले आणि २०१९ मध्ये सांबा या लिनक्सवरून शेअर करणाऱ्या प्रोग्रामनेही ४.११ मध्ये ती मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवली. जुने नॅस आणि राउटरच्या यूएसबीला डिस्क लावून केलेले शेअर अनेकदा त्या पहिल्या आवृत्तीपलीकडे गेलेलेच नसतात. ‘व्हर्स’ या पर्यायात १.० लिहून माउंट होऊ शकते. पण ते फोटो एकदाचे बाहेर काढून घेण्यापुरतेच करावे. वर्षानुवर्षांचे कौटुंबिक फोटो असलेले यंत्र अशा उघड्या दारामागे ठेवू नये. नॅसला नवे फर्मवेअर मिळते का ते पाहा, नाहीतर ती डिस्क साध्या लिनक्स मशीनला लावून तिथून शेअर करा.

माउंट झाले, फोल्डर दिसले, पण आत शिरताना परवानगी नाकारली गेली, तर दोष सर्व्हरच्या, म्हणजे शेअर देणाऱ्या मशीनच्या, बाजूचा आहे. घरात दोघांनी आपापल्या युजरने फोटो टाकले की एकाचे दुसऱ्याला उघडत नाहीत. सर्व्हरवर त्या फोल्डरचा गट एकच ठेवून दोघांना त्या गटात घालावे. एसएमबीऐवजी एनएफएस ही शेअर करण्याची दुसरी पद्धत वापरत असाल तर तिथे सामान्यतः नाव नव्हे, क्रमांक जुळावा लागतो: एका मशीनवर १००० आणि दुसऱ्यावर १००१ असलेला माणूस एनएफएसच्या लेखी परकाच.

राखाडी चिन्हे

फोटो उघडतात, पण थंबनेल, म्हणजे फोटोंची छोटी चित्रे, येत नाहीत, हा बहुधा बिघाड नसून सेटिंग असते. ग्नोमच्या ‘फाइल्स’मध्ये, मिंटच्या निमोमध्ये आणि एक्सएफसीईच्या थुनारमध्ये थंबनेल ‘फक्त याच कॉम्प्युटरवरच्या फाइलींसाठी’ असा पर्याय असतो आणि कित्येक मशीनवर तोच लागू असतो. दुरून प्रत्येक फोटो ओढून आणल्याने नेटवर्क तुंबू नये, हा त्यामागचा हेतू. पसंतीच्या खिडकीत जाऊन तो ‘सर्व फाइली’ करावा. केडीईच्या डॉल्फिनमध्ये दूरच्या फाइलींसाठी आकाराची मर्यादा वेगळी द्यावी लागते. इतर ठिकाणीही ‘अमुक एमबीपेक्षा मोठ्या फाइलीचे थंबनेल नको’ अशी अट असते. काही फोटोंची चित्रे दिसतात आणि काहींची नाहीत, तेव्हा आधी या मर्यादेवर संशय घ्यावा.

सेटिंग बरोबर आहे, तरी काही फोटो हट्टाने राखाडीच, असे असेल तर आपल्या होम फोल्डरातल्या ‘.कॅश/थंबनेल्स’मध्ये डोकवा. तिथे ‘नॉर्मल’, ‘लार्ज’ अशा फोल्डरांबरोबर ‘फेल’ नावाचे एक फोल्डर असते. थंबनेल बनवताना अपयश आले की त्याची नोंद तिथे होते आणि ती फाइल बदलेपर्यंत पुन्हा प्रयत्न केला जात नाही. थंबनेल बनत असताना वायफाय क्षणभर तुटले, तर तेवढ्या फोटोंवर कायमचा शिक्का बसतो. ‘फेल’ फोल्डर बिनधास्त काढून टाका आणि फाइल मॅनेजर पुन्हा सुरू करा. फोटोंना त्याने धक्का लागत नाही.

याच कॅशमधली आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. प्रत्येक थंबनेलचे नाव म्हणजे त्या फोटोच्या पूर्ण पत्त्यावरून काढलेला एक ठसा (एमडी५) असतो. पत्ता बदलला की नाव बदलले. त्यामुळे एसएमबी पत्त्यावरून पाहिलेले फोटो माउंट केल्यावर नव्या वाटेने पाहिले, की सगळी थंबनेल पहिल्यापासून बनतात. पहिल्या दिवशी मशीन मंद वाटले तर घाबरू नका, ते काम एकदाच होते.

मराठी नावे

आपल्याकडे फोटोंना मराठीत नावे द्यायची हौस आहे आणि ती असावीच. फक्त त्यामागचा हिशेब ठाऊक हवा. लिनक्सच्या बहुतेक फाइल सिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटची असते. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर १ बाइट घेते, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३. इथे चिन्ह म्हणजे काना, वेलांटी आणि पाय मोडल्याची खूणसुद्धा. एकट्या ‘श्री’त चार चिन्हे आहेत: श, हलन्त, र आणि वेलांटी, म्हणजे १२ बाइट. एकूण ८५ चिन्हांत नाव बसवायचे. ‘श्री शांतादुर्गा देवस्थान जत्रोत्सव’ने सुरू करून नाटकाचे नाव, अंक, प्रवेश आणि कलाकार लिहिले की मर्यादा ओलांडलीच. विंडोजच्या डिस्कवर मोजणी वेगळी असल्याने तिथे ते नाव चालते आणि नॅसवर कॉपी करताना मात्र ‘नाव फार लांब आहे’ म्हणून अडते. सिनॉलॉजीच्या एन्क्रिप्टेड शेअरमध्ये तर १४३ इंग्रजी किंवा ४७ आशियाई अक्षरे एवढीच मुभा आहे.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र संगणकात तीन प्रकारे लिहिला जातो: ‘ऱ’ हे एकच चिन्ह, किंवा र आणि खाली नुक्ता, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कीबोर्डनुसार यांपैकी काहीतरी एक पडते. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवर ‘ऱ’ आपोआप फोडून साठवला जात असे. पडद्यावर तिन्ही जवळजवळ सारखे, पण नॅसच्या लेखी ती तीन वेगळी नावे. मग ‘मिरामार किनाऱ्यावर’ नावाची दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसतात, किंवा फोटो समोर असूनही नाव टाइप करून शोधल्यावर तो सापडत नाही. फोल्डरांची नावे एकाच मशीनवरून, एकाच कीबोर्डने द्यावीत. आधीचा गोंधळ निस्तरायला ‘कॉन्व्हएमव्ही’ हा छोटा प्रोग्राम आहे, जो फोडलेला ‘ऱ’ जोडून नावे एकसारखी करतो. अदृश्य जोडचिन्हाची नावे मात्र हातानेच बदलावी लागतात.

नावात वेळ लिहिताना विसर्गासारखे दोन टिंब टाकू नयेत. लिनक्सवर ते चालतात, विंडोजवर नाही, आणि सांबा अशा फाइलीला भलतेच तुटके नाव देऊन मोकळा होतो.

संथपणा, तार आणि लाइट

लग्नाचे २,००० फोटो, प्रत्येकी १० एमबी धरले तर २० जीबी होतात. १०० मेगाबिटच्या तारेतून सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी येतात, म्हणजे सगळे एकदा वाचायला २६–२७ मिनिटे. गिगाबिटवर तेच काम तीन मिनिटांच्या आत होऊ शकते. स्टुडिओत बहुतेक उपकरणे गिगाबिटचीच असतात, तरी वेग १०० वर अडकलेला दिसतो. गिगाबिटला तारेच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. उरलेल्या दोहोंपैकी एक जोडी गेली की जोडणी तुटत नाही, मुकाट्याने मंदावते. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत प्लगच्या धातूच्या पट्ट्या काळ्या पडतात, जून-जुलैत तर विशेष. ‘ईथटूल’ या आज्ञेने जोडणीचा वेग तपासा. १००० ऐवजी १०० दिसले तर नवी तार घालून पाहा. वायफायवर रॉ फाइली चाळण्याचा आग्रह सोडलेला बरा.

रोज हजारो फोटो चाळायचे असतील तर डिजिकॅम वापरावा. तो थंबनेल आपल्या डेटाबेसमध्ये ठेवतो आणि नेटवर्कवरचे फोल्डर त्याला रीतसर जोडता येते. मात्र तो डेटाबेस आपल्याच मशीनच्या डिस्कवर ठेवायचा, शेअरवर नव्हे.

राहिला पावसाळ्यातला नेहमीचा प्रसंग. लाइट गेली, आली, कॉम्प्युटर आधी उठला आणि नॅस मागून. माउंट करण्याचा प्रयत्न तेवढ्यात होऊन फसलेला असतो आणि फोटोंचे फोल्डर रिकामे दिसते. ते पाहून काळजात धस्स होते, पण फोटो नॅसवर सुखरूप असतात. अशा वेळी त्या रिकाम्या फोल्डरात काही कॉपी करू नका. ‘फाइंडमाउंट’ ही आज्ञा देऊन शेअर खरोखर जोडला आहे का ते आधी पाहा. एफएसटॅबच्या ओळीत ‘नोफेल’ आणि ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ हे पर्याय घातले, की मशीन बूट होताना अडत नाही आणि फोल्डर पहिल्यांदा उघडले जाते तेव्हा शेअर जोडला जातो. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर नॅसला नवा आयपी पत्ता मिळू शकतो, म्हणून राउटरमध्ये त्याचा पत्ता राखून ठेवावा. आणि काम चालू असतानाच नॅस बंद पडून फाइल मॅनेजर गोठला, तर मशीनचे बटण दाबून धरण्याआधी ‘यूमाउंट’ला ‘एल’ हा पर्याय लावून शेअर सोडवा, नॅस पूर्ण उठेपर्यंत थांबा आणि मग पुन्हा माउंट करा.